दीड अँपिअरचा हट्ट

माझं दुकान जळगावात, स्टँडापासून चालत दहा मिनिटांवर. पाटीवर ‘सर्व प्रकारचे चार्जर, इमर्जन्सी लाइट व श्रवणयंत्र दुरुस्ती’ एवढंच लिहिलंय. दुरुस्ती बाई करते हे गिऱ्हाइकाला आत आल्यावर कळतं. मग तो दुकानभर नजर फिरवतो आणि विचारतो, “भाऊ कुठे गेले?” हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता उत्तर द्यायचं सोडून दिलंय. वस्तू त्याच्या हातातून घेते आणि स्क्रू खोलायला लागते.

मी फैजपूरकडच्या केळीवाल्या घरातली. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करायचा म्हटलं तेव्हा आबांनी, म्हणजे वडिलांनी, एकच अट घातली होती. शिकशील तर तेच काम करशील, सर्टिफिकेट कपाटात ठेवून बसायचं नाही. अट मी पाळली. पण या “भाऊ कुठे गेले” प्रकारानं स्वभावाला एक खोड लावली ती लावलीच. दुरुस्त करून दिलेली वस्तू परत आली, की माझं डोकं तापतं. समोरचा मनात म्हणत असणार, बाईनं केलंय, असंच व्हायचं. तो तोंड उघडायच्या आत मी त्याची चूक शोधते आणि त्याच्या पदरात टाकते. बहुतेक वेळा चूक त्याचीच असते, हे दुर्दैव. त्यामुळे खोड जात नाही.

ज्यांना मी चाचा-चाची म्हणते, ते नवरा-बायको माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या मुलीच्या निकाहाला महिना राहिला होता. चाचा पिंजारी. तीनचाकी टेम्पोवर पिंजणयंत्र बसवलेलं, आणि त्यातून गावोगाव फिरून जुन्या गाद्या-रजयांचा कापूस पिंजून द्यायचा, हा धंदा. पाळधी, धरणगाव, अमळनेर, कधी पार धुळ्यापर्यंत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाजाची पेटीच काढावी लागली. आता श्वास गळ्याच्या खालच्या भोकातून. भोकावर पातळ रुमाल बांधलेला. कापसाच्या धुळीजवळ त्यांना जायचं नाही, म्हणून ते टेम्पो चालवतात आणि पिंजायचं काम चाची बघते.

बोलण्यासाठी त्यांच्याकडे एक यंत्र होतं. जाडसर टॉर्चएवढं. गळ्याला टेकवून बटण दाबलं की ते गुरगुरतं, आणि माणसानं ओठ-जीभ हलवली की त्या गुरगुरण्याचे शब्द होतात. सूर एकच. माणूस हसला तरी तोच, चिडला तरी तोच. ऐकायला पहिल्यांदा विचित्र वाटतं, पण पाच मिनिटांत सवय होते. त्या यंत्राची बॅटरी फुगली होती, कंपनीचा चार्जर जळाला होता, आणि दोन्ही वस्तू कुठे मिळत नव्हत्या.

चाची बोलली. गावं फिरून फिरून तिची बोली पक्की खान्देशी झालीय. घरात हिंदी, गिऱ्हाइकाशी अहिराणी.

“आंडेरना निकाह शे, ताई.” आंडेर म्हणजे लेक. “तिले यास्नीच इचारनं शे.”

त्यांच्या घराण्यात अशी रीत, की मुलीला हे लग्न कबूल आहे का, हे विचारायला बाप स्वतः जातो, दोन साक्षीदार बरोबर घेऊन. आजोबांनी आत्यांना विचारलं, चाचांनी थोरल्या मुलीला विचारलं. ही धाकटी. यंत्र चाललं नाही तर चाचांचा भाऊ विचारणार, असं घरात ठरून गेलं होतं. चाची हे सांगत असताना चाचा दुकानातल्या पंख्याकडे बघत होते. मी म्हटलं, “काळजी करू नका, चाचा. तुम्हीच विचाराल.”

आता त्या चार्जरबद्दल सांगायलाच हवं, कारण सगळं त्यात आहे. मी यंत्राच्या आतली मेलेली बॅटरी काढून टाकली आणि सदऱ्याच्या खिशात मावेल अशी एक डबी बनवली. डबीत चांगली मोठी लिथियम बॅटरी, चार्जिंगचं बोर्ड, आणि वर यंत्रापर्यंत जाणारी वायर. मोबाइलच्या कुठल्याही यूएसबी केबलनं चार्ज व्हावी, म्हणजे पुन्हा कंपनीच्या पाया पडायला नको. अशा बोर्डावर एक बारीक रेझिस्टर असतो. समोरच्या सॉकेटमधून जास्तीत जास्त किती करंट ओढायचा, ते तो ठरवतो. अर्धा अँपिअर ठेवला तर डबी भरायला सहा तास. दीड ठेवला तर दोन. मी दीड ठेवला. माझ्या टेबलावर भरवशाचा अडॅप्टर आहे, त्यावर लावलं आणि बरोबर दोन तासांत डबी फुल झाली. चाचांनी यंत्र गळ्याला लावून म्हटलं, “शुक्रिया, बेटी.” मी त्या दिवशी घरी जाऊनही हे दोघा-तिघांना सांगितलं. मला स्वतःचं कौतुक फार.

आठ दिवसांनी चाची डबी घेऊन परत.

“चार्ज व्हत नही, ताई.”

“लावता का नीट? दिवा लागतो का लाल?”

“लागस ना.”

“मग होतंय की चार्ज. जास्त वेळ ठेवा.”

तिच्यासमोर लावून दाखवलं. लाल दिवा लागला, दोन तासांनी हिरवा झाला. घ्या. ती डबी घेऊन गेली. चार दिवसांनी पुन्हा आली. या खेपेला तिनं आणखी एक सांगितलं, की टेम्पोत डबी चार्जिंगला लावली की टपावरचा, गिऱ्हाइकं बोलवायचा भोंगा अडखळतो. मी म्हटलं, भोंग्याचा आणि डबीचा काय संबंध? तुमच्या भोंग्याची वायर ढिली असेल, ती बघून घ्या. पुन्हा डबी माझ्या टेबलावर भरून दिली. चाचीनं पदरानं डबी पुसली आणि पिशवीत टाकली.

तिसऱ्या वेळी चाचा स्वतः आले. निकाह रविवारी, हा बुधवार. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. चाचांनी डबी काउंटरवर ठेवली आणि मी सुटले. आधी मी त्यांना लाल दिव्याचं विचारलं. त्यांनी मान हलवली, लागतो. मग मी म्हटलं, चाचा, इथे होते आणि तुमच्याकडे होत नाही, म्हणजे वस्तू चांगली आहे, वापरणाऱ्याचं चुकतंय. केबल अर्धवट लावत असाल. मधेच काढत असाल. फोन आला की केबल ओढून फोनला लावत असाल, सगळे तेच करतात. एवढी साधी गोष्ट आहे, लहान पोराला जमते. असं बरंच. दोन गिऱ्हाइकं ऐकतायत म्हणून आवाज जरा चढाच होता.

चाचांनी सवयीनं यंत्र गळ्याला लावलं. बटण दाबलं. ओठ हलले. चांगली चार-पाच वाक्यं होतील इतके हलले. आवाज काहीच नाही. त्यांनी बटण पुन्हा दाबलं, पुन्हा ओठ हलवले. मी बघत राहिले, आणि मला एक शब्द कळला नाही. मग त्यांनी वायर डबीतून काढून गुंडाळली, यंत्र खिशात ठेवलं, डबी काउंटरवरच राहू दिली आणि निघून गेले.

त्यांचं तोंड बंद करणारी वस्तू मीच बनवलेली होती, आणि ती बंद आहे म्हणून मी त्यांना वाट्टेल ते बोलले होते. हे तेव्हाच कळलं असतं तर मी स्वतःला बरी बाई म्हणवून घेतलं असतं. तेव्हा मला फक्त हायसं वाटलं, की गिऱ्हाईक गेलं. डबी टेबलावर लावली. दोन तासांत भरली.

दुपारी आबांचा फोन आला. रोज येतो. बाग कशी आहे, पाणी कसं आहे हे सांगून झालं की ते माझ्या दुकानाची चौकशी करतात. मी चाचांचं सांगितलं, अर्थात माझ्या बाजूनं. आबांनी विचारलं,

“तू त्याहिच्या गाडीत बसून पाह्यलं का?”

“मी कशाला? इथं चालतंय ना.”

“शेतकरी म्हनतो मोटर चालत नाही, तं मेकॅनिक वावरात येते. दुकानात बसून नाही सांगत का चालते म्हनून.” मग जरा थांबून, “आन् तू एवढी बोलली, तं तो काय बोलला?”

मी म्हटलं, तो काय बोलणार, यंत्र बंद होतं. हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं आणि मला माझीच लाज वाटली. “ठेवतो,” आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान न उघडता चाचांच्या घरी गेले. मीटर घेतला, डबी घेतली. ते पाळधीकडे निघायच्या तयारीत होते. मी म्हटलं, मी येते. चाचीनं चाचांकडे बघितलं. चाचांनी पुढच्या सीटवरची पिशवी उचलून मागे टाकली.

टेम्पोत पुढे एकच सॉकेट. त्यात रस्त्यावर मिळतो तसला साधा यूएसबी चार्जर, आणि त्याला तीन तोंडांची केबल. एका तोंडाला फोन. दुसऱ्याला मेमरी कार्डाचा एक चिमुकला प्लेअर, ज्यातून वरच्या भोंग्यात आवाज जातो. तिसरं तोंड माझ्या डबीसाठी.

गावाच्या वेशीवर चाचांनी प्लेअर सुरू केला. भोंग्यातून आवाज आला, “गादी पिंजून घ्या, रजई पिंजून घ्या, जुना कापूस नवा करून घ्याऽ.” भरदार आवाज होता, शेवटी हेल काढणारा, थोडा मस्करीचा. मी सहज विचारलं, कुणाचा आवाज? चाची म्हणाली, “यास्नाच. आपरेशनना पहिले भरी ठेयेल शे.” ऑपरेशनच्या आधीच भरून ठेवलेला. चाचा समोर रस्त्याकडे बघत गाडी चालवत होते आणि त्यांच्या डोक्यावर त्यांचाच जुना आवाज गिऱ्हाइकं बोलावत होता. मी डबी काढली आणि तिसऱ्या तोंडाला लावली.

भोंगा म्हणाला, “गादी पिं.” मग गप्प. मग, “गादी पिं.” मग गप्प. “गादी पिं.”

डबीवरचा लाल दिवा लागत होता, विझत होता, लागत होता. दिवा लागतो का, हे मी तीनदा विचारलं होतं. लागून राहतो का, हे एकदाही विचारलं नव्हतं. त्यांच्या फोनवरचं चार्जिंगचं चिन्हही लुकलुकतंच, म्हणजे लुकलुकणं हे चांगलंच लक्षण असं त्यांनी धरलं, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती.

मीटर लावायची गरजच नव्हती, तरी लावला. त्या स्वस्त चार्जरची ताकद सगळी मिळून एक अँपिअरची. त्यावर फोन, त्यावर प्लेअर. माझी डबी लावली की ती हपापल्यासारखी एकदम दीड मागायची. चार्जर मान टाकायचा, व्होल्टेज खाली बसायचं, प्लेअर बंद, डबीही बंद. डबी बंद झाली की ओझं उतरायचं, व्होल्टेज वर यायचं, प्लेअर पहिल्यापासून सुरू, आणि डबी पुन्हा दीड मागायची. दिवसभर हेच. रात्री घरी ते डबी जुन्या बटणवाल्या मोबाइलच्या चार्जरवर लावायचे, तो तर अर्ध्या अँपिअरचा. तिथे भोंगा नव्हता म्हणून कुणाला ऐकू आलं नाही, एवढाच फरक. पंगतीत पहिल्याच पाहुण्यानं अख्खं पातेलं पुढ्यात ओढावं, तसं माझ्या डबीचं वागणं होतं, आणि ते वागणं मी तिला शिकवलं होतं.

आणखी एक आहे, आणि ते लिहायला जड जातं. चार्जिंगच्या बोर्डावर जी चिप असते, तिच्यात एक सोय असते. समोरचं व्होल्टेज बसायला लागलं की चिप आपणहून आवरतं घेते, जेवढं मिळेल तेवढंच ओढते. माझ्या टेबलावरची केबल लांब आहे, तिच्यावर चिप उगाच आवरतं घ्यायची आणि दोन तासांचे अडीच व्हायचे. म्हणून मी चिपची त्या सोयीची पिन एका वायरीनं बांधून ती सोय बंद करून टाकली होती. अर्ध्या तासासाठी. “दोन तासांत फुल” असं म्हणता यावं म्हणून.

“म्हनेल व्हतं ना मी,” चाची मागून म्हणाली, “भोंगा अडकस म्हनीसन.” टोमणा नव्हता. ती नुसती आठवण करून देत होती, आणि ते जास्त लागलं.

पाळधीचं काम त्यांनी तसंच ठेवलं आणि आम्ही माघारी आलो. दुकानात बसून मी रेझिस्टर बदलला. मर्यादा अर्ध्या अँपिअरच्याही जरा खाली आणली, म्हणजे घरच्या त्या जुन्या चार्जरलाही झेपेल. पिन बांधणारी वायर काढून टाकली. काम वीस मिनिटांचं. मग डबी टेबलाऐवजी बाहेर उभ्या टेम्पोत लावली आणि प्लेअर सुरू केला. माझ्या दुकानासमोर, भर रस्त्यात, भोंगा गादी पिंजून घ्या, रजई पिंजून घ्या म्हणत राहिला. मधे फोनही लावून बघितला. तरी म्हणतच राहिला. शेजारचा रसवाला वैतागला. लाल दिवा लागून राहिला.

दिवस मावळेपर्यंत चाचा टेम्पोतच बसून होते. डबी पुरेशी भरल्यावर मी ती यंत्राला जोडून दिली आणि म्हटलं, “चाचा, चूक माझी होती. तीन वेळा तुम्ही आलात आणि मी तुम्हालाच बोलले. काल तर फारच. मला माफ करा.”

त्यांनी यंत्र गळ्याला लावलं.

“बेटी,” यंत्र गुरगुरलं, “चिल्लाती बहोत तू.”

मी म्हटलं, हो.

“कल मैने बहोत सुनाया तेरे कू. गाली भी दी एक.” ते हसत होते, आवाज मात्र तसाच सपाट. “तेरे कू सुनाई नै दी, अच्छा हुआ.”

पण निकाहात तूच मुलीजवळ बस, असं चाचीनं बजावलं. ऐन वेळी काही झालं तर. तिचा माझ्यावरचा विश्वास थोडा उडाला असेल तर तो तिचा हक्क होता. मी तशीच दुसरी डबी बनवली आणि भरून पर्समध्ये टाकली. चाचांच्या घरच्या जुन्या चार्जरवर भरली, माझ्या टेबलावर नाही.

रविवारी वरात शिरपूरहून आली. खाली हॉलमध्ये पुरुष, वरच्या खोलीत बायका. मुलगी मान खाली घालून बसलेली, अंगभर लाल ओढणी. मी तिच्या डाव्या बाजूला, पर्स मांडीवर. खोलीत अत्तराचा इतका वास, की डोकं धरलं होतं. जिन्यात पावलं वाजली तशा बायकांनी डोक्यावरचे पदर सारखे केले आणि वाट करून दिली. चाचा आत आले. मागे दोन साक्षीदार. चाचा पांढऱ्या सदऱ्यात, खिसा डबीनं फुगलेला. मुलीसमोर खाली बसले.

यंत्र गळ्याला लागलं. नवऱ्या मुलाचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, मेहरची रक्कम, सगळं त्या एका सुरात स्वच्छ आलं. एकही अक्षर गाळलं नाही. मग, “बेटी, ये निकाह तेरे कू,” आणि आवाज बंद पडला.

पर्स उघडून मी दुसरी डबी काढली आणि उठू लागले. तेव्हा मला त्यांचा हात दिसला. यंत्र गळ्यालाच होतं, डबी ठीक होती. बटणावरचा अंगठा उचलला गेला होता. त्या यंत्राला कंठ दाटून येत नाही, तशी सोयच त्यात नाही. ते काम अंगठ्यानं केलं होतं. त्यांचे ओठ मात्र हलत होते, राहिलेला प्रश्न पुरा करत होते, आणि खोलीत एकाही माणसाला काही ऐकू येत नव्हतं.

मुलीनं मान वर केली होती. ती त्यांच्या ओठांकडे बघत होती. दोन वर्षं यंत्र बंद पडलं की घरात ती अशीच ऐकत आली असणार. ओठ थांबले आणि ती म्हणाली, “कबूल है, अब्बा.”

मागचा साक्षीदार घुटमळला. बिचाऱ्याचं काम ऐकणं हेच होतं. “चाचा,” तो हळूच म्हणाला, “हमने सुना नै. फिर से पूछो.”

दोन-तीन बायका हसल्या, चाची रडायला लागली. चाचांनी डोळे पुसले, बटणावर अंगठा ठेवला आणि तो सुटू नये म्हणून दुसऱ्या हातानं वरून घट्ट दाबून धरला. मग सगळं पहिल्यापासून विचारलं, नावांसकट, मेहरसकट, शेवटच्या शब्दापर्यंत. आवाज सरळ, एकसुरी, जिन्यापर्यंत जाईल एवढा मोठा. मुलीनं दुसऱ्यांदा कबूल है म्हटलं, आणि या वेळी तिचाच आवाज फुटला.